आयपी-७ : ना आयपी-३चा भाऊ, ना एटीपीची बदली

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.चा सेमिनार आहे, विषय इनॉसिटॉल पायरोफॉस्फेट, आणि दोन ठिकाणी अडलंय असं लिहिलंयस. हा रेणू आयपी-३सारखा सेकंड मेसेंजर, म्हणजे बाहेरचा संदेश पेशीच्या आत पोचवणारा निरोप्या, म्हणायचा की एटीपीसारखं ऊर्जेचं चलन? आणि आयपी६के व पीपीआयपी५के या दोन किनेजांत, म्हणजे फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमांत, नेमका फरक काय? शिवाय जाता जाता, आपल्याकडच्या उसाच्या फॉस्फेटशी याचा काही संबंध लागतो का, हेही विचारलंयस. मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत आवडला, पण तिथं पोचायला आधीच्या दोन्हींतून जावं लागेल.

मायो-इनॉसिटॉलच्या कड्याला सहा कार्बन. सहाही जागी फॉस्फेट बसला की झाला आयपी-६, म्हणजे फायटिक आम्ल. धान्याच्या दाण्यातला बहुतेक फॉस्फरस याच रूपात साठलेला असतो. सातव्याला कड्यावर जागाच उरत नाही, म्हणून तो आधीच्या एका फॉस्फेटच्या डोक्यावर चढतो. हाच आयपी-७, तुझा इनॉसिटॉल पायरोफॉस्फेट; आठवाही असाच चढला की आयपी-८. हा बंध एटीपीतल्या बंधाच्याच जातीचा, त्यामुळं ‘ऊर्जेचं चलन’ म्हणायचा मोह होतो. मोह टाळ. पेशीतला एटीपी मिलिमोलरमध्ये मोजतात, आयपी-७ मायक्रोमोलरमध्ये. एवढ्याशा साठ्यावर पेशीचा संसार चालत नाही.

आयपी-३चं तंत्रही इथं लागू पडत नाही. तिथं बाहेरून संदेश आला की फॉस्फोलायपेज-सी हे एन्झाइम पेशीपटलातल्या पीआयपी-२ या मेदाला तोडून आयपी-३ मोकळा करतं, काही सेकंदांत कॅल्शियम सुटतं, काम झालं. आयपी-७ कुणाच्या हुकमाची वाट बघत बसत नाही. तो सतत बनतो आणि सतत तुटतो. तोडणारे फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइमं, फ्लोराइडनं अडवले की तो साचत जातो. सस्तन प्राण्यांच्या पेशींत १९९३ साली हे असंच उघड झालं. पावसाळ्यात आपण कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतो ना, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका? नदी कुणाला निरोप धाडत नाही. आकडा वाचून ज्याचं तो ठरवतो. आयपी-७ आणि आयपी-८ हे पेशीतले तसे आकडे आहेत. हाताशी फॉस्फेट किती, ऊर्जा किती, हे त्यावरून प्रथिनं वाचतात. सेमिनारचा कणा एवढाच ठेव.

आता किनेज. आयपी६के कड्याच्या पाचव्या जागी पायरोफॉस्फेट करतं. सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत आदोल्फो सायार्डी यांनी १९९९ साली ते क्लोन केलं, म्हणजे त्याचं जनुक वेगळं काढलं. आपल्यात त्याचे तीन प्रकार, यीस्टमध्ये केसीएस१. पीपीआयपी५के पहिल्या जागी काम करतं. यीस्टमधलं त्याचं रूप व्हिप१, जे जॉन यॉर्क यांच्या गटानं २००७ साली दाखवलं. त्याच्या नावातला पाच बघून ‘पाचव्या जागेचं किनेज’ असं स्लाइडवर लिहू नकोस, बरेच जण लिहितात. दोन्हींचं काम झालं की आयपी-८.

पण खरी गंमत या एन्झाइमांच्या स्वभावात आहे. बहुतेक किनेजांना थोडा एटीपी पुरतो, तो निम्मा झाला तरी त्यांना फरक पडत नाही. आयपी६केचा एटीपीसाठीचा केएम (ज्या पातळीला एन्झाइम निम्म्या वेगानं चालतं ती) मात्र सुमारे १ मिलिमोलर, म्हणजे पेशीतल्या एटीपीच्या पातळीजवळ. एटीपी घसरला की आयपी-७ही घसरतो. ऊर्जेचा मापक म्हणतात तो यामुळं. पीपीआयपी५के तर दुतोंडी आहे: एक टोक किनेज, दुसरं टोक फॉस्फटेज, एकाच प्रथिनात. अकार्बनी फॉस्फेट वाढला की फॉस्फटेजवालं टोक दबतं, किनेजवालं जोर धरतं आणि आयपी-८ वाढतो. या एका प्रथिनाला दोन स्लाइड दे, आयपी६केचे तिन्ही प्रकार एका ओळीत आटप.

हा आकडा वाचणारी प्रथिनं म्हणजे एसपीएक्स डोमेनवाली, एसपीएक्स नावाचा भाग ज्यांच्यात असतो ती. त्यांना इनॉसिटॉल पायरोफॉस्फेट चिकटतात हे २०१६ साली स्पष्ट झालं. आता तुझा ऊस. वनस्पतींत आयपी६के नाहीच, पाचव्या जागेचं काम आयटीपीके१ करतं आणि पहिल्या जागेचं व्हीआयएच१ व व्हीआयएच२. फॉस्फेट भरपूर असला की आयपी-८ वाढतो, एसपीएक्स१ त्याला धरून पीएचआर१ या जनुकनियामकाला अडवून ठेवतं. टंचाई आली की आयपी-८ उतरतो, पीएचआर१ मोकळा होतो आणि फॉस्फेट ओढून घेणारी जनुकं चालू होतात. राधानगरी-शाहूवाडीकडच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेटला धरून ठेवतात. तिथं खताच्या पोत्यावरचा आकडा काहीही असो, रोप आपल्या पेशीतला आकडा वाचतं. मात्र ही यंत्रणा उलगडली ती ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपट्यात आणि भातात. उसाचं नाव लिहिताना ‘याच धर्तीवर’ असा शब्द घाल, नाहीतर परीक्षक तिथंच पकडतील.

माणसातही एक्सपीआर१ हे पेशीबाहेर फॉस्फेट सोडणारं प्रथिन एसपीएक्सवालंच आहे. एवढं सांगून पुढं जा.

एक गोष्ट वादासाठी हाताशी ठेव: प्रथिनांचं पायरोफॉस्फोरिलेशन, म्हणजे प्रथिनावरच्या फॉस्फेटवर आणखी एक फॉस्फेट चढवणं. आयपी-७ आपला टोकाचा फॉस्फेट एन्झाइमशिवायच, फक्त मॅग्नेशियमच्या जोडीनं, प्रथिनातल्या आधीच फॉस्फोरिलेट झालेल्या सेरिन या अमिनो आम्लावर टाकतो. हे २००४ साली दिसलं. पुढं रश्ना भंडारी यांनी स्नायडर यांच्याकडं असताना २००७ साली त्याची रीत मांडली. त्यांची स्वतःची प्रयोगशाळा हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेत आहे, त्यांचे पेपर आधी वाच. माझ्या मते परीक्षानळीत हे पटण्यासारखं आहे, पण जिवंत पेशीत ते किती होतं हा प्रश्न अवघड होता, कारण नेहमीच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत ते साध्या दुहेरी फॉस्फोरिलेशनपासून वेगळं ओळखता येत नाही.

‘हे मोजतात कसं’ हे कोणीतरी विचारेलच. जुनी पद्धत किरणोत्सारी ट्रिशियम लावलेल्या इनॉसिटॉलची आणि रेणू वेगळे करणाऱ्या एचपीएलसीची, महाग आणि कटकटीची. साधी पद्धत अशी: टायटॅनियम डायऑक्साइडच्या मण्यांवर अर्क गोळा करायचा, घट्ट पॉलिॲक्रिलामाइड जेलवर पळवायचा आणि टोल्युइडिन ब्लूनं रंगवायचा. आयपी-६, ७ आणि ८ वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात. विभागात जेलचा संच असेल तर निदान आयपी-६ची पट्टी स्वतः काढून फोटो स्लाइडवर लाव.