आई ठाण्याहून लंडनला एकट्या निघाल्या आहेत. मुंबई–लंडन अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना बहुधा तासभर कमी. कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. विमान अगदी सरळ रेषेत जात नाही. एखाद्या देशाचं आकाश बंद असेल तर वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात, तिथेच सगळे गोंधळतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे जूनमध्ये दुपारी २ ला निघालेलं विमान दहा तासांनी तिथल्या संध्याकाळी साडेसातला उतरेल. आईंची औषधं ठरल्या वेळी असतील तर हा हिशोब कागदावर लिहून द्या, आणि गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा.

आई पहिल्यांदाच जात असतील तर थेट विमानच घ्या, थोडं महाग पडलं तरी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. घोडबंदरहून निघणार असाल तर ट्रॅफिकसाठी आणखी दोन तास हाताशी ठेवा.