केल्पचा हट्ट सोडा, सरगॅसम आणा. पण झाकणाच्या ड्रममधून नको

मॅडम, अकरावीच्या मुलांना सागरी परिसंस्था शिकवायला जिवंत केल्प, म्हणजे समुद्रात जंगलासारखं वाढणारं मोठं तपकिरी शैवाल, कुठून मागवायचं, असं तुम्ही विचारलंय, तेही सांगलीत बसून. कोल्हापुरात नवीन लागले तेव्हा मीही हेच शोधत होते, म्हणून जरा लांब लिहिते. मी शैवालतज्ज्ञ नाही. जे सांगतेय ते प्रयोगशाळेत हात ओले करून कळलेलं आहे.

केल्प थंड पाण्यातलं. कॅलिफोर्निया, चिली, जपान इकडचं. आपल्या समुद्रात ते उगवतच नाही, आणि 20 अंशांच्या वरच्या पाण्यात त्याचे हाल होतात. आपल्या वर्गातल्या टाकीत ते सडेल. परदेशी शैवाल जिवंत आणायला माझा तसाही विरोध आहे. मन्नारच्या आखातात बाहेरून आणलेलं कप्पाफायकस नावाचं शैवाल लागवडीतून सुटलं आणि प्रवाळांवर पसरलं, हे उदाहरण पुरे आहे.

आपल्याकडे सरगॅसम आहे. तेही तपकिरी शैवाल, खडकाला धरून उभं राहणारं, द्राक्षांसारख्या हवेच्या फुग्यांवर तरंगणारं. केल्पच्या जंगलाबद्दल मुलांना जे दाखवायचंय, ते एका जुडीत दिसतं: फांद्यांत लपलेले कोळंबीसारखे बारके जीव, गोगलगायी, पिटुकले खेकडे.

आता माझी चूक. कुणकेश्वरच्या खडकांवरून सकाळच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, सरगॅसम काढलं. रंगाचा रिकामा 20 लिटरचा ड्रम स्वच्छ धुऊन घेतला होता. त्यात ते गच्च भरलं, काठोकाठ समुद्राचं पाणी ओतलं आणि गगनबावड्याच्या घाटात हिंदकळू नये म्हणून झाकण घट्ट लावलं. कॉलेजला पोचायला संध्याकाळ झाली. दमले होते. "सकाळी टाकीत सोडू" म्हणून ड्रम तसाच ठेवला.

सकाळी झाकण उघडलं तर चहाच्या रंगाचं पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास. तळाशी सगळे जीव मेलेले. त्या जीवांची नावं आधीच वहीत लिहून आलेली 40 मुलं दारात उभी होती. त्यांचे चेहरे अजून आठवतात.

कारण साधं होतं, पण मला सुचलं नाही. उजेड असला तर शैवाल ऑक्सिजन देतं. अंधारात ते आणि त्यातले जीव दोघंही तो वापरतात. बंद ड्रममध्ये दुपारीही रात्रच असते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मावतोही कमी. एक फांदी कुजू लागली की उरलेला ऑक्सिजन जीवाणू संपवतात.

पुढच्या वर्षीपासून शैवाल पाण्यात आणतच नाही. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या पंच्यात सैल गुंडाळायचं, थर्माकोलच्या खोक्यात ठेवायचं, बाजूला बर्फाची बाटली कापडात बांधून. बर्फाचं गोडं पाणी शैवालाला लागता कामा नये. जीव वेगळ्या डब्यात, थोडेच, सेलवर चालणारा हवेचा पंप लावून. समुद्राचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. पोचल्या पोचल्या सोडा, कितीही दमलात तरी. आणि दोनच जुड्या आणा. शैवाल ओरबाडू नका. एखादा सुटा दगड त्याच्यासकट मिळाला तर उत्तम, मुलांना पकड दिसते.

टाकीतलं पाणी आटलं की गोडं पाणी घाला, खारं नाही. मीठ उडून जात नाही. नळाचं असेल तर क्लोरीन काढून. माशांचं तांब्याचं औषध त्या टाकीत कधीच नको, खेकडे-गोगलगायी मरतात.

परवानगीचं म्हणाल तर मालवणचं सागरी अभयारण्य टाळा, तिथून काही उचलायचं नाही. बाकी किनाऱ्यासाठी मी एका कार्यालयात चार हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी वेगळं टेबल, आणि "शैवाल म्हणजे मासे का?" हा प्रश्न. मला अजूनही राग येतो. एका शिक्षिकेला दोन जुड्या हव्या आहेत, याचं उत्तर एका कागदावर देता आलं असतं. तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नियम बदलत असतात, माझ्या शब्दावर जाऊ नका.

जायचं तर पावसाळा सरल्यावर, थंडीत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास ओहोटी कमी असते तेव्हा, खडक पुरेसे उघडे पडत नाहीत. सुकतीच्या तासभर आधी पोचा, आणि गावातल्या एखाद्या कोळी दादांना सोबत घ्या. पाणी कधी फिरतं ते त्यांना बघूनच कळतं.