स्पॅनिश दुभाषी असताना लॅटिनो रुग्णांच्या मानसिक उपचारासाठी आणखी वेगळं काही शिकावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की टेक्ससमधल्या एका सामुदायिक क्लिनिकमध्ये तुमची इंटर्नशिप सुरू होते आहे, निम्मे रुग्ण स्पॅनिश बोलणारे आहेत, आणि तुमच्या वरिष्ठांच्या मते दुभाषी हाताशी असला की पुरे, संस्कृती वगैरे शिकत बसायची गरज नाही. गरज आहे. पण आधी त्यांना एवढंच विचारा, की दुभाषी म्हणजे कोण? पुष्कळ ठिकाणी याचं खरं उत्तर 'पेशंटची मुलगी' असं असतं, आणि याच मुद्द्यावर मी इतक्या बैठकांत भांडले आहे की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

एका फाइलबद्दल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. ग्वाटेमालाहून आलेली तिशीतली बाई. डोकं दुखतं, झोप लागत नाही, छातीतून आग डोक्यात चढते. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले म्हणून डॉक्टरांनी पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासण्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घ्यायला सांगितलं. त्या दिवशी स्पॅनिश बोलणारं कुणी कामावर नव्हतं. सोबत अकरा वर्षांची मुलगी होती, तिनेच नऊ प्रश्न आईला विचारले. गुण आले २७ पैकी ६. १० च्या खाली, म्हणून 'सौम्य, पुढच्या भेटीत पाहू' असा शेरा पडला. तीन आठवड्यांनी मुलीला बाहेर बसवून, प्रशिक्षित दुभाष्याबरोबर तीच प्रश्नावली घेतली तेव्हा गुण १७. नवव्या प्रश्नाला, मरून गेलेलं बरं असं वाटतं का, या प्रश्नाला आधी ० होता. आता २.

बिघडलं कुठे? दुसरा प्रश्न छापील स्पॅनिश फॉर्ममध्ये तीन शब्दांत विचारलेला आहे: खचल्यासारखं, उदास किंवा निराश वाटतं का. मुलीने 'त्रिस्ते आहेस का', म्हणजे दुःखी आहेस का, एवढंच विचारलं. अकरा वर्षांच्या मुलीचं स्पॅनिश घरातलं असतं, 'आशा उरली नाही' यासाठी तिच्याकडे शब्द नसतो. आईने नाही म्हटलं, कारण लेकीसमोर कुठली आई हो म्हणेल? नवव्या प्रश्नाला तर मुलीने आवाज खाली आणून 'तू असलं काही मनात आणत नाहीस ना?' असं विचारलं होतं. हे आईनेच नंतर सांगितलं. फाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं, फक्त ० होता. आणि ती मुलगी पुढे कित्येक रात्री आईच्या खोलीच्या दाराशी झोपत होती, तेही कुठल्या रकान्यात बसत नाही.

गोष्ट इथेही संपत नाही. त्या भेटीनंतर दुभाष्याने सांगितलं की बाई 'हे की ते' अशा प्रश्नालाही 'सी', म्हणजे हो, एवढंच म्हणते आहे. तिची मायबोली स्पॅनिश नव्हतीच, माम होती. ग्वाटेमालातून येणारे अनेकजण माम, किचे, कांजोबाल अशा माया भाषा बोलतात, आणि मेक्सिकोच्या ओआहाकाकडचे मिश्तेक किंवा सापोतेक. नोंदणी खिडकीवर 'स्पॅनिश' या चौकटीत खूण होते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून 'स्पॅनिश बोलता का' असं विचारू नका. 'घरी तुमच्या आईशी कुठल्या भाषेत बोलायचात' असं विचारा. मामचा दुभाषी फोनवर बहुधा आयत्या वेळी मिळत नाही, आधी वेळ ठरवावी लागते. पुष्कळदा माम ते स्पॅनिश, स्पॅनिश ते इंग्रजी अशी दोन माणसांची साखळी लागते. तेव्हा ५० मिनिटांच्या भेटीला दीड-दोन तास राखून ठेवा.

वरिष्ठ खर्चाचं कारण सांगतील. आता इंग्रजी ही अधिकृत भाषा झाली, दुभाष्यांबद्दलचा जुना आदेश गेला, असंही सांगतील. २००० सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश १३१६६ मार्च २०२५ मध्ये मागे घेतला गेला, हे खरं आहे. पण १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं शीर्षक आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्ट या आरोग्यसेवा कायद्याचं कलम १५५७ हे रुग्णाला भाषेची मदत द्यायला लावणारे कायदे आहेत, त्या आदेशाबरोबर ते गेले नाहीत. कलम १५५७ च्या नियमांनुसार जिवावरचा प्रसंग असेल आणि पात्र दुभाषी लगेच मिळत नसेल, तेवढ्यापुरतंच अल्पवयीन मुलाकडून भाषांतर करून घेता येतं. उदासीनतेची प्रश्नावली हा तसा प्रसंग नाही.

प्रशिक्षित दुभाषी आला तरी काम आपोआप नीट होत नाही. भेटीआधी पाच मिनिटं त्याला सांगा: आज आत्महत्येबद्दल थेट विचारणार आहे, शब्द सौम्य करू नका, रुग्ण असंबद्ध बोलला तर तसंच सांगा, वाक्य दुरुस्त करू नका. तुम्ही रुग्णाकडे पाहून बोला. 'तिला विचारा' असं म्हणू नका. एका वेळी एक-दोन वाक्यं. भेट झाल्यावर पुन्हा पाच मिनिटं त्याच्याबरोबर बसा. माम लक्षात आलं ते याच पाच मिनिटांत. शिवाय तो दुभाषी स्वतःही त्याच सीमेवरून आलेला असू शकतो, ऐकलेलं त्यालाही झेपलं पाहिजे.

आता शब्दांकडे. आपल्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. स्पॅनिशमध्ये 'तू' आणि आदराचं 'उस्तेद' आहेत; त्यांचा 'तू' आपल्या 'तू'सारखाच उच्चारतात आणि पुष्कळसा तसाच वापरतात. वयाने मोठ्या बाईला पहिल्याच भेटीत 'तू' म्हटलंत तर ती तोंडावर काही बोलणार नाही, पुढच्या वेळी येणार नाही. शब्दकोशावर मात्र विसंबू नका. 'कोराहे' म्हणजे कोशात धैर्य, मेक्सिकन बाईच्या तोंडी तो संताप असतो, आणि तो गिळल्याने आजार होतो अशी समजूत आहे. 'मे दा पेना'चं भाषांतर 'मला दुःख होतं' असं होतं, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ बहुधा 'मला लाज वाटते'. 'इएलेरा' म्हणजे बर्फाची पेटी. सीमेवरच्या थंडगार कोठड्यांना स्थलांतरित हे नाव देतात. 'मला इएलेरात ठेवलं' हे वाक्य अक्षरशः भाषांतरित झालं की रुग्णाला भ्रम होताहेत असा शेरा पडायला वेळ लागत नाही.

'आताके दे नेर्बिओस', शब्दशः नसांचा झटका, नीट शिकून घ्या. घरात मृत्यू, भांडण, कुणाला पकडून नेल्याची बातमी, आणि मग किंचाळणं, रडणं, थरथर, छातीतून डोक्याकडे चढणारी आग. पॅनिक अटॅकमध्ये अचानक उसळणारी भीती मुख्य असते. इथे बहुधा आधी घाव असतो, आणि भीतीपेक्षा आकांत जास्त. याला पॅनिक समजून मोकळं होणं चूक, आणि 'त्यांच्यात असं असतंच' म्हणून सोडून देणं त्याहून मोठी चूक, कारण असे झटके येणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वारंवार सापडतात. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-ग्रंथाने २०१३ मध्ये त्या-त्या संस्कृतीतल्या अशा संकल्पनांची जी यादी दिली, त्यात आताके, नेर्बिओस (सततची अस्वस्थता) आणि सुस्तो (दचकून जडलेला आजार) यांच्याबरोबर आपल्याकडची 'धातू जाणे' ही तक्रारही आहे. त्याच ग्रंथात सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न आहेत. सगळे जमले नाहीत तरी दोन सोडू नका: या त्रासाला तुम्ही काय म्हणता, आणि घरच्यांच्या मते तो कशामुळे झाला.

कागदपत्रांची भीती तुम्हाला रोज भेटेल. रुग्णाचा इमिग्रेशन दर्जा उपचाराला लागत नसेल तर विचारू नका, आणि त्याने आपणहून सांगितलाच तर फाइलमध्ये 'स्थलांतराशी संबंधित ताण' एवढंच लिहा. रुग्णालयांच्या आवारात इमिग्रेशन कारवाई टाळण्याचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं, त्यामुळे 'इथे तुम्हाला काही होणार नाही' असं वचन देऊ नका. तुमच्या हातात आहे तेवढंच सांगा: मी काय लिहिते, ते कोण वाचू शकतं. आणखी एक. लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो' हा कायद्याचा जाणकार असतो, अमेरिकेतला नोटरी वकील नसतो. या नावावर पुष्कळ कुटुंबं लुबाडली गेली आहेत, म्हणून मान्यताप्राप्त कायदेशीर मदत केंद्राचा पत्ता टेबलावर ठेवा.

हे सगळं प्रत्येक लॅटिनो रुग्णाला लागू पडतं असं मात्र नाही. इथेच जन्मलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला इंग्रजीतच बोलायचं असतं, त्याच्यासमोर सुस्तोचा विषय काढलात तर तो उठून जाईल. मोठी बहीण किंवा नवरा सोबत हवा असं रुग्णच म्हणाला तर त्यांना बसू द्या, कुटुंबाला बाहेर काढून उपचार होत नाहीत; फक्त भाषांतर त्यांच्याकडून नको, आणि एकदा तरी रुग्णाशी एकट्याने बोला. न्यू जर्सीत मुलाकडे आलेल्या मराठी आईचंही हेच. 'जीव घाबरा होतो' हे मुलगा डॉक्टरांना 'जरा टेन्शन घेते' असं सांगतो, आणि त्याला त्रास नको म्हणून आई मान हलवते.

संकटकाळासाठी ९८८ हा क्रमांक द्या, स्पॅनिशसाठी २ दाबायचं असतं. पण तुमच्याकडे ब्राझीलचे रुग्णही येतील, आणि ते पोर्तुगीज बोलतात. त्यांना २ दाबायला सांगू नका. फोन लागला की इंग्रजीत भाषेचं नाव सांगायचं, मग टेलिफोनवरचा दुभाषी जोडून देतात. ते एक इंग्रजी वाक्य कार्डावर लिहून, त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या.