वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचं रोम किती खरं?

'रोम' मालिका पाहतो आहे. व्होरेनस आणि पुलो ही माणसं खरोखर होऊन गेली का? आतिया अशीच होती का? (टिळकवाडी, बेळगाव)

दोघांची नावं खरी आहेत. रोमन सेनानी ज्युलियस सीझरने गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) युद्धाची हकीकत स्वतः लिहून ठेवली, तिच्या पाचव्या भागात हे दोघे आपल्याला एकदाच भेटतात. एकमेकांशी कायम चढाओढ असलेले दोन सेंच्युरियन (सैन्यातल्या तुकडीचे नायक) तटबंदीबाहेर पडून शत्रूवर तुटून पडतात. आधी पुलो अडकतो, त्याला व्होरेनस सोडवतो. मग व्होरेनस खळग्यात पडतो आणि पुलो त्याला बाहेर काढतो. एवढ्या धाग्यावर 2005 ते 2007 मध्ये आलेल्या मालिकेचे दोन्ही हंगाम विणले आहेत. पुलोला मात्र साधा शिपाई केलं आहे.

आतियावर मात्र अन्याय झाला आहे. ती ऑक्टेव्हियनची, म्हणजे पुढे सम्राट ऑगस्टस झालेल्याची आई, सीझरची भाची. मुलाला शिस्तीत वाढवणाऱ्या आईचा दाखला म्हणून रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लेखनात तिचं नाव येतं. ती इ.स.पू. 43 मध्ये वारली, मालिकेत ती त्यानंतर बारा-तेरा वर्षं कारस्थानं करत राहते. ते पात्र लेखकांचं समजून पाहा. त्याच मालिकेतल्या गल्ल्या, भिंतींवरची रंगीत चित्रं आणि खरडलेला मजकूर, घरातलं देवघर यांवर मात्र भरवसा ठेवा. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी रोमपेक्षा ते कितीतरी खरं आहे.

क्लिओपात्राच्या भूमिकेत कोणत्या वर्णाची नटी हवी, यावर इतका वाद का? (निपाणी)

2023 च्या माहितीमालिकेत अडेल जेम्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला घेतल्यावर इजिप्तमध्ये मोठा विरोध झाला. इजिप्तची राणी क्लिओपात्रा वडिलांकडून मॅसिडोनियन ग्रीक घराण्यातली, आईबद्दल पक्का पुरावा नाही. नाण्यांवर बाकदार नाक आणि पुढे आलेली हनुवटी दिसते, पण नाणं रंग सांगत नाही. दुसरीकडे, रोममधले सगळे लंडनच्या क्लबातल्यासारखे दाखवणंही चूकच. 193 ते 211 या काळातला सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा, त्याची राणी सीरियाची.

आमच्या मते पात्रनिवडीत पहिल्यांदा वय तपासावं, कारण वय चुकलं की राजकारणच कळेनासं होतं. सीझर-क्लिओपात्रा भेटले तेव्हा तो 52 चा, ती 21 ची. सीझरचा खून झाला तेव्हा ऑक्टेव्हियन 18 वर्षांचा, सीझरचा सहकारी सेनानी अँटनी 39 चा. ऑक्टेव्हियन म्हणून पस्तिशीचा नट उभा केलात, तर अँटनीने त्याला पोरगं समजून हलक्यात घेतलं हे कुणाला पटेल? 'रोम'ने त्यासाठी दोन नट घेतले. 1976 च्या 'आय, क्लॉडियस' मालिकेत ब्रायन ब्लेस्ड चाळिशीच्या आतला, तरी 75 व्या वर्षी मरणारा ऑगस्टस त्याने पेलला. म्हणजे तरुण नटाला म्हातारा करता येतं, उलटं करायला गेलं की फसतं.

भाषेकडे तर कुणी पाहतच नाही. आपल्या घराण्यात इजिप्शियन शिकलेली क्लिओपात्रा पहिलीच, असं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. बाकीचे पिढ्यान् पिढ्या ग्रीकवरच राज्य करत होते. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या आपल्या भागाला त्याचं वजन वेगळं सांगायला नको. पडद्यावर मात्र सगळे एकाच इंग्रजीत बोलतात.

चटकन ओळखता येतील अशा चुका सांगा. (चिकोडी)

घोड्याला रिकीब दिसली की चूक, रोमन स्वार चार शिंगांच्या खोगिरावर मांड ठोकून बसत. सीझरच्या काळात कलोसियम दिसलं तर तीही चूक, ते इ.स. 80 मध्ये खुलं झालं. सीझरच्या सैनिकांना पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत नको, कड्यांचं हवं. ताटात टोमॅटो किंवा मका तर नकोच नको.

स्नेहसंमेलनात सीझरच्या खुनाचा प्रवेश करतो आहोत. टोगा कसा करावा? चादर सारखी घसरते. (खानापूर)

चादर चौकोनी असते म्हणून घसरते आणि कोपरे पायात येतात. टोगा, म्हणजे रोमन पुरुष अंगाभोवती गुंडाळत ते वस्त्र, जवळपास अर्धवर्तुळाकार असे. जाड मांजरपाट घ्या, टेरिकॉट किंवा सॅटिन नको, ते खांद्यावर टिकत नाही. कापड आधी धुऊन खळ काढा, नाहीतर नंतर आटेल. मीटरभर पन्ह्याचे दोन तुकडे, एक साडेचार मीटरचा, दुसरा चार मीटरचा, लांबीत जोडा आणि खालचे दोन्ही कोपरे गोलाईत कापा. माणशी साडेआठ मीटर लागेल.

सरळ काठ वर ठेवून तो हातभर दुमडा. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे नडगीपर्यंत सोडा. उरलेलं कापड पाठीवरून उजव्या काखेखालून छातीवर आणा आणि डाव्या खांद्यावरून मागे टाका. डावा हात कोपरात वाकवून चुण्या त्याच्यावर पेलायच्या, उजवा मोकळा. पहिला थर डाव्या खांद्यावर आतल्या अंगरख्याला चार टाके घालून पक्का करा. वरच्या थराला पिन लावू नका, त्याचं कारण पुढे येतं.

काठ सगळ्यांना लावू नका. कटाचे म्होरके ब्रूटस आणि कॅसियस त्या वर्षी प्रेटर (न्यायदान पाहणारे वरिष्ठ अधिकारी) होते, त्यांच्या टोग्याला तांबूस जांभळा काठ द्या. साध्या सिनेटरच्या टोग्याला काठ नाही, अंगरख्यावर उभे रुंद पट्टे. गुलामाला टोगा नकोच.

प्रसंग सिनेटच्या नेहमीच्या इमारतीत घडला नाही, तो सीझरचा जुना प्रतिस्पर्धी पाँपी याच्या नाट्यगृहाला जोडलेल्या दालनात घडला. म्हणून मागे पाँपीचा पुतळा उभा करा. कटात साठाहून जास्त माणसं होती, रंगमंचावर सहा-सात पुरतात. घाव 23. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की सुटका नाही हे कळल्यावर सीझरने टोगा डोक्यावर ओढून घेतला आणि डाव्या हाताने घोळ पायांपर्यंत खाली सोडला, पडताना अंग उघडं राहू नये म्हणून. वरचा थर मोकळा ठेवायचा तो यासाठी. नटाला हे एका झटक्यात जमेपर्यंत टोगा नेसूनच तालीम करू द्या.