आपला शरद दारावर कसा मांडायचा?

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

इथे कॅनडात शेजाऱ्यांच्या दारांवर लाल-पिवळ्या पानांची गोल तोरणे लागतात आणि पायऱ्यांवर भोपळे मांडलेले असतात, ते फोटो पाहून तू मला विचारलेस, "आई, आपल्या मराठी लोकांत शरद ऋतूचे असे काही नसते का? आणि असेल तर इथे बेळगावात, वडगावच्या घरी आजी-आजोबांबरोबर मी काय करू?" फोनवर मी दोन वाक्यांत उत्तर दिले होते, परंतु ते अपुरे होते. नवरात्र आता जवळ आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इथल्या पानांविषयी. इथे पुढे बर्फाचा कडक हिवाळा असतो. दिवस लहान होऊ लागले की मेपलसारखी झाडे पानांतले हरितद्रव्य मोडून त्यातले उपयोगी घटक परत खोडाकडे ओढून घेतात. हिरवा रंग सरला की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो आणि काही झाडे याच दिवसांत नवा लाल रंगही तयार करतात. मग पाने गळतात. भोपळे याच सुमारास शेतांतून निघतात, म्हणून ते पायरीवर येतात. म्हणजे इथल्या लोकांनी ही सजावट कुठून आणलेली नाही. दाराबाहेर जे घडते तेच त्यांनी दारावर लावले.

आपल्याकडची पानगळ मात्र शिशिरात होते, पाणी कमी पडू लागल्यावर. आश्विनात आपली झाडे पावसाने धुऊन निघालेली आणि भरगच्च हिरवी असतात. तू कागदाची लाल पाने कापून दारावर लावलीस तर ती सुंदर दिसतील, यात शंका नाही. परंतु घराजवळच्या येळ्ळूरच्या रस्त्याला त्या दिवसांत जे चालले आहे, त्यातले काहीच त्यांत नसेल. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की काय करावे हे मोबाइलमध्ये शोधण्याआधी एका सकाळी आजोबांबरोबर शिवारात जाऊन ये आणि सोबत वही ने.

तिथे तुला काय दिसेल ते सांगते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पाऊस ओसरला की सकाळी लगेच गारवा जाणवतो आणि गवतावर दव पडते. भाताच्या लोंब्या बाहेर पडलेल्या असतात. एक लोंबी हळूच दाबून पाहा, दाणा अजून कोवळा असेल तर बोटाला पांढरे दूध लागेल. बांधावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे असतात, कारळ्याची पिवळी फुले असतात. हेच खानापूर-जांबोटीकडे गेलीस तर सगळे अधिक ओले आणि हिरवे दिसेल, आणि अथणीकडे गेलीस तर तिथे भात नसून शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीची गडबड चाललेली असेल. एकाच जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस इतका कमी होत जातो, की तुझ्या दारावरचा शरद आणि अथणीच्या एखाद्या मुलीच्या दारावरचा शरद सारखा असण्याचे कारणच नाही. वहीत पाने-फुलांची चित्रे काढ, त्यांची नावे आजीला विचारून लिही. या वर्षीच्या रांगोळीचे रंग आणि आकार तुला त्या वहीतच मिळतील.

आता आपल्या रीतींकडे ये. त्यांतली जवळजवळ प्रत्येक रीत अशाच निरीक्षणातून आलेली आहे, असे मला मनापासून वाटते. नवरात्रात आजी घट बसवते तेव्हा पत्रावळीवर शेतातली माती पसरून तिच्यात धान्ये पेरते. या वर्षी ती पेरणी तू कर, आणि एका धान्याचे काही दाणे वेगळ्या वाटीतल्या मातीत पेरून ती वाटी खिडकीत ठेव. देवघराच्या अंधुक कोपऱ्यातले रोप उजेड शोधत उंच आणि पिवळसर वाढते, खिडकीतले बुटके आणि हिरवे होते. दसऱ्याला आजोबा घटातले जे तुरे टोपीत खोवतात, त्यांना तो सोनेरी रंग कुठून येतो हे तुला त्यावरून कळेल. शिवाय रब्बीच्या तोंडावर घरातले बी नीट उगवते की नाही, हेही शेतकऱ्याला या घटात आपोआप पाहायला मिळते.

याच दिवसांत, सूर्य हस्त नक्षत्रात असताना, मुलींचा हादगा असतो. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. आता तो फार थोड्या घरांत होतो, याचे मला वाईट वाटते. छापील हत्ती आणू नकोस. तांदळाच्या पिठाने आणि गेरूने स्वतः काढ, आणि त्याच्यावर त्या हंगामातल्या लहान फळाभाज्यांची माळ सोड. गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणींनाही बोलाव. फेर धरायला भाषा आड येत नाही.

दसऱ्याला आपल्याकडे आपट्याचे सोने वाटतात आणि पुष्कळ घरांत बन्नीचेही, म्हणजे शमीचे. "बन्नी घेऊन बंगारासारखे (सोन्यासारखे) राहू या" असे आजोबांचे मित्र म्हणतात, ते तू ऐकलेच आहेस. मात्र त्या दिवशी बाजारात फांद्याच्या फांद्या तोडून आणलेल्या दिसतात, आणि त्यांत कांचनाच्याही बऱ्याच असतात. हे मला पटत नाही. आपट्याचे पान लहान आणि जाडसर असते, कांचनाचे मोठे. दोन्ही मधोमध दुभंगलेली असल्यामुळे लोक फसतात. तू आपट्याचे एकच चांगले पान घे, त्याच्या मागच्या, शिरा उठलेल्या बाजूला ओला गेरू किंवा हळद लाव आणि जाड कागदावर दाबून छाप घे. एका पानातून पुष्कळ छाप निघतात. असे सोने तू सगळ्या गल्लीत वाटू शकशील आणि मलाही टपालाने पाठवू शकशील. खंडेनवमीला शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरी माग थांबवून त्याची पूजा होते. शेजारच्या काकांच्या मागावरून उरलेले सुताचे तुकडे मागून आण; झेंडू ओवायला आणि तोरणाला गोंडे करायला त्यांच्यासारखे काही नाही.

भोपळ्याबद्दल तू विचारले होतेस. ठेव ना! लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला आहे, आणि ज्याच्याशिवाय आपला दसरा सुना वाटतो तो झेंडूही तिथूनच आलेला आहे. दोघांनाही आपण इतके आपले करून घेतले, की आता त्यांच्याकडे परके म्हणून कोणी पाहत नाही. फक्त इथल्यासारखा तो कोरून फेकून द्यायचा नाही. चार दिवस दारात मांड, मग आजीला दे. ती किसून, गूळ घालून शिजवेल, त्यात मावेल तेवढी कणीक मळेल आणि खसखस लावून घारगे तळेल.

कोजागरीला घरी आटीव दूध होईलच, पण त्याच पौर्णिमेला आपल्याकडचे कन्नड शेतकरी शीगी हुण्णिमे पाळतात. घरचा स्वयंपाक बांधून शेतात नेतात, उभ्या पिकाची पूजा करतात आणि नैवेद्य शेतात चहूकडे उधळतात. त्या दिवशी कोणी बोलावले तर अवश्य जा.

सर्वांत मोठे काम दिवाळीतल्या किल्ल्याचे, आणि त्याविषयी मला जरा जास्त लिहायचे आहे. बेळगावात गल्लोगल्ली मुले किल्ले करतात. पण बहुतेक जण रायगड किंवा प्रतापगड निवडतात आणि दुसऱ्याचा किल्ला पाहून आपला रचतात. तू या वर्षी पाहिलेला किल्ला कर. येळ्ळूरचा राजहंसगड आपल्यापासून किती जवळ आहे! आजोबांबरोबर तिथे जा, तटावरून फेरी मार, बुरूज मोज, दरवाजा कुठे आहे आणि आतले शंकराचे देऊळ कुठे आहे याचा कच्चा नकाशा वहीत काढ. दरवाज्यापाशी मुद्दाम थांब. पुष्कळ किल्ल्यांवर दोन बुरूज एकमेकांना वळसा घालून दरवाजा आड लपवतात, म्हणजे शत्रूला तो समोरून दिसत नाही आणि हत्तीला धावत येऊन धडक मारायला जागा मिळत नाही. राजहंसगडावर तो कसा आहे, हे तूच पाहून मला कळव. पुढच्या वर्षी हुक्केरी तालुक्यातला वल्लभगड किंवा खानापूरच्या रानातला भीमगड घेता येईल.

बांधताना आधी विटा आणि दगड रचून डोंगराचा आकार घे. त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट पसर आणि हाताने दाबून त्याच्या घड्यांतून कडे आणि सोंडा काढ. गोणपाट अर्धवट वाळले की चाळलेल्या लाल मातीचा थर दे. गवतासाठी अळीव पेर. अळिवाचे बी भिजले की त्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि ते उभ्या कड्यालाही चिकटून राहते. मोहरी मात्र घरंगळून खाली येते. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरलेस तर दिवाळीत किल्ला हिरवागार होईल. पाणी तांब्याने ओतू नकोस, हाताने शिंपड, नाहीतर तट वाहून जाईल. पाण्याच्या टाक्यासाठी जुनी वाटी मातीत पुर. आणि एक पाटी लिही: किल्ल्याचे नाव, तो कुठे आहे, तू तो कधी पाहिलास. येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती तूच सांग, मराठीत आणि जमेल तशी कन्नडमध्येही.

आकाशकंदील आजोबा करतील. बांबूच्या कामट्या तासणे आणि पतंगी कागदाला लावायची खळ शिजवणे त्यांच्याकडून शिकून घे. पाडव्याला आजी दारात शेणाचे पांडव मांडते, त्यांच्यावर खोवायला कारळ्याची आणि झेंडूची फुले तू गोळा कर.

कार्तिकी पौर्णिमेचे राहिले. तिला आपल्याकडे गौरी हुण्णिमे म्हणतात, आणि मुली साखरेची आरती घेऊन देवळात जातात. लाकडी साच्यांत साखरेचा पाक ओतून हत्ती, घोडे, मोर आणि देवळे करतात. ती चित्रे बाजारात थोडेच दिवस मिळतात, म्हणून आजीला आधीच सांगून ठेव. कुणाच्या घरी जुने साचे निघाले तर पाक घालताना जवळ उभी राहून पाहा, पण हात लावू नकोस. तो पाक फार भाजतो.

आजी-आजोबांना नमस्कार सांग. वहीतल्या पानांचे फोटो पाठवशील तेव्हा प्रत्येकाखाली त्याचे नाव आणि ते कुठे सापडले तेही लिही.

तुझी,
आई