अल्युमनी इंटरव्ह्यू चांगला गेला म्हणजे हार्वर्ड, एमआयटीत अॅडमिशन पक्की का?

नाही हो, पक्की वगैरे काही नाही. इंटरव्ह्यू घेणारे म्हणजे तिथून शिकून बाहेर पडलेली तुमच्या-आमच्यासारखी नोकरी-धंदा करणारी माणसं, फुकटात वेळ देतात, त्यांच्या हातात निर्णय नसतो. त्यांना तुमचे मार्क, निबंध काही दाखवत नाहीत, ते फक्त गप्पा मारून एक रिपोर्ट लिहून पाठवतात आणि तो फाइलमधल्या बाकी दहा कागदांसोबत वाचला जातो. हां, काठावरच्या पोराला थोडा हात देऊ शकतो, आणि फारच उद्धट वागलात तर नडूही शकतो.

गंमत बघा, अॅडमिशन देताना वंश बघण्यावरून हार्वर्डवर झालेली जी केस २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात निकाली निघाली ना, त्यात बाहेर आलं की आशियाई-अमेरिकन पोरांना अॅडमिशन ऑफिसने पर्सनल रेटिंग (म्हणजे स्वभाव-व्यक्तिमत्त्वाचे गुण) सरासरीने कमी दिलं होतं, पण त्याच पोरांना प्रत्यक्ष भेटलेल्या अल्युमनींनी दिलेले रेटिंग जवळपास गोऱ्या पोरांइतकेच होते. म्हणजे भेटणाऱ्याचं मत एक आणि कागद वाचणाऱ्याचं दुसरंच!

कॉल आला नाही तर रडत बसू नका, अल्युमनी कमी पडतात म्हणून सगळ्यांना मिळत नाही, एमआयटी तर सरळ इंटरव्ह्यू माफ करून टाकते. कोलंबिया युनिव्हर्सिटीने तर प्रकारच बंद केलाय.

आला तर पाठ केलेली उत्तरं नकोत, स्वतःच्या आवडीचं काहीतरी मनापासून बोला, आणि आईबाबांना कॅमेऱ्यामागे उभं करू नका प्लीज.