घोडबंदर रोडलगत व्यापारी इमारत बांधताना दर्शनी भागासाठी काही नियम पाळावे लागतात का?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमध्ये मोठ्या रस्त्यालगतच्या दुकानांना विटा-दगड किती, काच किती, पार्किंग पुढे की मागे, बोर्ड केवढा, हे सगळं गावानं ठरवून दिलेलं असायचं. आता कासारवडवलीजवळच्या घरच्या जागेवर तळमजला अधिक तीन मजल्यांची व्यापारी इमारत बांधायची आहे, तर इथे तसं काही आहे का, आणि नसेल तर काय पाळावं? मी ठाण्यात आर्किटेक्ट आहे आणि या पट्ट्यात बरीच कामं केली आहेत, म्हणून लिहितोय.

इमारतीचा चेहरा कसा असावा हे सांगणारा कागद मला इथल्या मंजुरीत कधी लागलेला नाही. डिसेंबर २०२० पासून ठाणे महापालिका हद्दीत राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे; कार्यालयात सगळे तिला यूडीसीपीआरच म्हणतात. एफएसआय (जागेच्या प्रमाणात किती बांधता येतं ते), पुढची-मागची-बाजूची अंतरं, उंची, जिने, पार्किंग, यात ती काटेकोर आहे. इमारत विटांची की काचेची, निळी की पिवळी, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

तिकडच्या नियमांबद्दल फार हळहळू नका. विटा-दगडाचं प्रमाण गावांनी ठरवण्यावर खुद्द टेक्सासच्या विधिमंडळानं २०१९ मध्ये कायदा करून बरीच बंधनं घातली. बांधकाम संहितेत मान्य असलेला माल वापरायला गावानं आडकाठी करायची नाही, असा त्याचा आशय. आणि आपल्याकडे असा नियम केला असता तर लोकांनी विटांच्या चित्राच्या टाइल्स चिकटवून तो पाळला असता!

आपल्या भागात वेगळा प्रयोग झाला तो नवी मुंबईत. सिडकोनं, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं, जमीन कायमची विकली नाही, भाडेपट्ट्यानं दिली, त्यामुळे अटी करारात घालायची सोय होती. सीबीडी बेलापूरच्या जुन्या सेक्टरांत दुकानांपुढे छपराखालून चालायची सलग वाट आहे, ती जरूर बघून या, तीही जुलैत. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडला हीच युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरली होती. वरच्या इमारती वेगवेगळ्या धाटणीच्या, पण खाली कमानींची वाट सगळ्यांनी ठेवायची. याउलट ठाणे-बेलापूर रोड पाहा. तिथे एमआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाच्या, भूखंडांना एमआयडीसीची स्वतःची नियमावली आणि लगतच्या वसाहतींना यूडीसीपीआर, म्हणजे एकाच रस्त्यावरच्या इमारती दोन वेगळ्या कार्यालयांतून मंजूर होतात. तो रस्ता एकसंध दिसावा ही अपेक्षाच चुकीची.

तेव्हा नियम तुमचा तुम्हालाच करायचा आहे. माझं ठाम मत असं की वरच्या तीन मजल्यांवर डोकं कमी खपवा, तळाच्या चार-पाच मीटरवर जास्त. रस्त्यावरून जाणाऱ्याला तेवढंच दिसतं, आणि बिघडतंही तेवढंच.

सुरुवात प्लिंथपासून, म्हणजे जोत्यापासून. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो, पाणी आत शिरेल या धास्तीनं सगळे प्लिंथ उंच घेतात. समजा ४५ सेंमी घेतला. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही, म्हणजे रॅम्पची लांबी झाली ५.४ मीटर, वर आणि खाली सपाट जागा वेगळी. पुढे सहा मीटर मोकळे सोडले असतील आणि रॅम्प सरळ रस्त्याकडे काढला, तर पुढचं अंतर संपलं. म्हणून तो दर्शनी भिंतीला समांतर घ्या, पुढे एकच सलग ओटा ठेवा आणि सगळे गाळे त्याच पातळीवर उघडा. हे नकाशात दाखवलं नाही तर प्रत्येक गाळेवाला आपापल्या तीन पायऱ्या बांधतो, कुणी ग्रॅनाइटच्या, कुणी चेकर्ड प्लेटच्या, आणि चालणारा माणूस गाड्यांत उतरतो.

गाळ्यांची शटरं वरच्या मजल्याच्या रेषेपासून दीड-दोन मीटर आत घेता आली तर फार उत्तम. एफएसआयचा हिशेब तुमच्या आर्किटेक्टकडून आधी करून घ्या. शटरं आत घेतली नाहीत तर पहिल्या पावसाच्या आत ताडपत्र्या आणि पत्र्याच्या शेड लागतात, आणि मग अतिक्रमणवाल्यांच्या फेऱ्या.

बोर्डासाठी शटरच्या वर सलग पट्टी ठेवा, सगळ्यांना एकाच उंचीची, मागून वायरिंगची नळी आधीच टाकलेली. दुकानांच्या पाट्यांबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाला मराठी देवनागरी पाटी सक्तीची, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा घाईघाईनं जुन्या बोर्डांवर फ्लेक्सचे तुकडे चिकटवलेले तुम्ही आजही पाहाल. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, शिवाय दुसऱ्या लिपीची ओळ. पाऊण मीटरपेक्षा कमी पट्टी ठेवू नका.

एसीच्या आउटडोअर युनिटना जागा आणि पाण्याच्या निचऱ्याचा पाइप ठेवला नाही, तर ती नेमकी बोर्डावर टांगली जातात आणि पाणी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठिबकतं. मागच्या किंवा बाजूच्या भिंतीला जाळी लावलेला कट्टा द्या.

आता काच. सल्लागार तुम्हाला पूर्ण काचेचं एलेव्हेशन दाखवेल, कारण ते थ्रीडी चित्रात झकास दिसतं. खाडीच्या बाजूच्या जागांचं तोंड साधारण पश्चिमेला, दुपारनंतरचं ऊन सरळ आत. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता (२०१७) मोठ्या व्यापारी इमारतींसाठी आहे, जोडलेला वीजभार १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा. तिच्या सरळ, म्हणजे ठरवून दिलेले आकडे पाळण्याच्या मार्गानं जायचं तर खिडक्यांचं क्षेत्र बाहेरच्या भिंतींच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तुमचा भार त्याहून कमी असला तरी तोच आकडा धरा, वीजबिल तुमच्या भाडेकरूंनाच येणार आहे. काचेचा पडदा लावायचाच असेल तर स्लॅबची कड आणि काच यांतली फट आगरोधक मालानं बंद केली आहे ना, हे प्रत्यक्ष उभं राहून बघा. ती उघडी राहिली तर खालच्या मजल्याचा धूर तिथूनच वर चढतो. अग्निशमनवाले उघडणारी तावदानंही बघतात.

एसीपी पॅनेल, म्हणजे भिंतीवर बसवायचे ॲल्युमिनियमचे तक्ते, मला आवडत नाहीत. आपल्या पावसात दोन-तीन वर्षांत सांध्यांतून काळे ओघळ येतात आणि ते धुवायला वरून टांगलेला कामगारांचा झोपाळा बांधावा लागतो. चांगला बाहेरचा गिलावा, वर पाणी तोडणारी पट्टी असलेले छज्जे आणि टेक्श्चर पेंट स्वस्तात पडतो आणि दुरुस्तही करता येतो.

गाड्यांचं प्रवेशद्वार ठरवण्याआधी एक चौकशी करा. घोडबंदरचे सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचं काम काढलेलं आहे, वर मेट्रो ४ चे खांब. आज सर्व्हिस रोडवरून आत येणारी गाडी उद्या थेट धावत्या रस्त्यावरून वळणार असेल, तर पार्किंग मागे आणि गेट एका कोपऱ्याला हेच बरं. रस्त्याची रेषा दाखवणारा ताजा अभिप्राय शहर विकास विभागातून काढल्याशिवाय नकाशावर रेघ मारू देऊ नका.

आणि गाळे विकणार असाल तर बोर्डाची पट्टी, एसीचा कट्टा आणि ओट्यावर माल न मांडण्याची अट विक्री कराराला जोडलेल्या नकाशातच घाला. भाड्यानं देणार असाल तर भाडेकरारात. ताबा दिल्यावर सोसायटीच्या सभेत या गोष्टी मंजूर झालेल्या मी तरी पाहिलेल्या नाहीत.